झाकणातली पुडी

"ही पावडर काय आहे, असं आपल्याला वाटतं?" कुरोसे-सान यांनी विचारलं.

जपानमध्ये आल्यापासूनच्या नऊ वर्षांत जगदीशचं रसायनशास्त्रातलं मत इतक्या आदराने कोणी विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेतही नाही. टेबलावर झिपवाली प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत दोन बोटं रुंद कागदाचा कपटा, आणि कपट्याच्या घडीत करड्या रंगाची चिमूटभर पूड. शेजारच्या खुर्चीत त्याची मुलगी कादंबरी बसली होती. हात मांडीवर, नजर भिंतीवरच्या भूकंपाच्या सूचनांवर. तासाभरापूर्वी तिला परीक्षेच्या हॉलमधून उठवलं होतं आणि जगदीशला फोन करून बोलावलं होतं.

"राख," जगदीश म्हणाला.

कुरोसे-सान या आंतरराष्ट्रीय शाळेच्या परीक्षा-समन्वयक. त्यांनी फॉर्मवरच्या चौकटीत 'राख' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

परीक्षा एपीची होती, पेपर रसायनशास्त्राचा. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास करायचा आणि मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या पेपरला बसायचं, अशी ती व्यवस्था. मुलांना शाळेचाच अभ्यास झेपत नाही अशी जगभर ओरड असताना ही सोय कोणाला सुचली, हे जगदीशने कधी विचारलं नाही. त्याला ती हवी होती. ओसाकाच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकवत आणि प्रवेशाला एपीचे गुण मागत. गुण जुलैत, अर्ज ऑक्टोबरात, प्रवेश एप्रिलमध्ये.

आणि पुढच्या मार्चअखेर जगदीशचा करार संपत होता. दहा वर्षं भरलेल्या संशोधकाला 'मला कायम करा' असं म्हणण्याचा हक्क मिळतो, म्हणून त्याची संस्था दहा वर्षं भरू देत नसे. त्याआधी केक आणून निरोप देत असे. करार संपला की व्हिसा, व्हिसा संपला की टोकियोजवळ ग्योतोकुला घेतलेलं भाड्याचं घर. कादंबरीला प्रवेश मिळाला तर ती स्वतःच्या व्हिसावर राहणार होती. नाहीतर सातव्या वर्षी इथे आलेली, झोपेतही जपानीत बडबडणारी मुलगी सोलापूरला नेऊन 'आमची परत आली' म्हणून लोकांना दाखवावी लागणार होती.

तिच्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत ही परीक्षा नव्हती. जगदीशने चौदा शाळांना पत्रं लिहिली. तेरा शाळांनी असा नकार दिला की वाचून आभार मानावेसे वाटावेत. बाहेरच्या विद्यार्थिनीची यथायोग्य काळजी घेण्याची आपली पात्रता नाही, याचं त्या सगळ्यांना दुःख होतं. चौदावी शाळा कुरोसे-सान यांची.

अभ्यास दीड वर्ष जेवणाच्या टेबलावर चालला, जगदीशच्या परत आलेल्या शोधनिबंधांच्या पाठकोऱ्या कागदांवर. असे कागद घरात भरपूर होते. तो मराठीत शिकवायचा, ती जपानीत शंका विचारायची, आणि दोघांचंही रेणूंच्या बाबतीत एकमत व्हायचं. घरात इतर कुठल्या विषयावर झालं नसेल एवढं.

आज सकाळी सुप्रभा, म्हणजे जगदीशची बायको, कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, सहाच्या पाळीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, की आईंनी पाठवलेला अंगारा पोरीला लाव, तेवढं तरी कर. जगदीशच्या आईने तो देवळातून आणून, डबीत भरून, टोकियोला येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून पाठवला होता. जगदीशचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण जानेवारीत करार न वाढवण्याचं पत्र आल्यापासून त्याचा अविश्वासही कंत्राटी झाला होता.

तरी तो विसरलाच. आठवलं तेव्हा कादंबरी दारात बुटांच्या नाड्या बांधत होती, आणि कपाळावरचे केस तिने नुकतेच नीट बसवले होते. त्याने टेबलावरच्या हाताशी आलेल्या कागदाचा कोपरा फाडला, चिमूटभर अंगारा घेतला, पुडी बांधली आणि कॅल्क्युलेटरच्या सरकत्या झाकणात दडपली. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ती काढून ठेवली असती.

पेपरच्या दुसऱ्या भागात तिने झाकण सरकवलं आणि पुडी बाकावर पडली. काय आहे ते कळेना म्हणून तिने ती उघडली. आत राख, आणि कागदावर बाबांच्या अक्षरात बफर द्रावणाचं सूत्र. पर्यवेक्षकाने हात वर केला. तेच सूत्र पेपरसोबत छापून दिलेल्या यादीत होतं. कुरोसे-सान यांना ते ठाऊक होतं. पण नियमात 'कागद' असा शब्द होता, 'उपयोगाचा कागद' असा नव्हता.

"मागच्या बाजूला काही छापलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"माझं संशोधन."

"कुठे प्रसिद्ध झालंय?"

"नाही."

त्यांनी तेही लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवला.

"राख कोणाची, ते विचारलं तर चालेल?"

जगदीशला आधी प्रश्नच समजला नाही. मग लक्षात आलं, की इथे कागदात जपून बांधलेली राख म्हटली की लोकांना गेलेलं माणूसच आठवतं. कुरोसे-सान हळू, स्वच्छ इंग्रजीत सांगत होत्या, की अहवाल अमेरिकेला जातो, निर्णय तिथे होतो, पण समन्वयकाच्या शिफारशीसाठी खाली जागा असते. दिवंगत माणसाची आठवण मुलीच्या नकळत तिच्या सामानात ठेवली गेली असेल, तर त्या तसं लिहू शकत होत्या. अशा वेळी सहानुभूतीने विचार होतो. एकदा झाला होता.

नऊ वर्षांत जगदीशने दशांशाच्या पुढचा एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्याचं फळ तो मार्चअखेर घेणारच होता.

"माझ्या आईची," तो म्हणाला.

कुरोसे-सान उठून उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या. जगदीशही उठला, वाकला आणि स्वतःच्या आईबद्दलचं सांत्वन रीतसर स्वीकारून खाली बसला. त्यांनी पेन उचललं. शिफारस बरीच मोठी असावी, पेन थांबत नव्हतं.

"बाबा," कादंबरी म्हणाली. नजर अजून भिंतीवरच होती. गेली कित्येक वर्षं ती त्याला मराठीत हो-नाहीच्या पलीकडे उत्तर देत नसे. आता सबंध मराठीत बोलली, म्हणजे कुरोसे-सान यांना कळणार नाही असं.

"आजीला संध्याकाळी फोन करायचाय आपल्याला. पेपर कसा गेला विचारेल ती."

आवाजात राग नव्हता. फोन करायची आठवण करून द्यावी, तेवढाच आवाज. या खोलीत ज्या एका माणसाचं नुकसान होणार होतं, ते माणूस बोललं होतं आणि पुढचं त्याच्यावर सोडून मोकळं झालं होतं.

जगदीशने कुरोसे-सान यांना थांबायला सांगितलं. आई जिवंत आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ही देवळातल्या उदबत्तीची राख आहे. पुडी मी ठेवली, मुलीला माहीत नव्हतं. हे सगळं त्याने जपानीत सांगितलं, चुका करत.

कुरोसे-सान रागावल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन समांतर रेघा मारल्या, फॉर्म त्याच्याकडे फिरवला आणि दुरुस्तीपाशी, इथे सहीऐवजी चालतो तो, नावाचा शिक्का मारण्याची विनंती केली. शिक्का जगदीशच्या बॅगेत नेहमी असायचा. त्याने तो शेंदरी शाईत टेकवून दाबला. त्या खोट्याच्या शेजारी त्याचं नाव अगदी स्पष्ट उमटलं.

निर्णय कळवला जाईल, कुरोसे-सान म्हणाल्या, पण जरा कठीण आहे. नऊ वर्षांत जगदीश एवढं शिकला होता, की जरा कठीण म्हणजे नाही. आणि ही परीक्षा वर्षातून एकदाच होते.

घरी जाताना तोझाई लाइनच्या मेट्रोत त्याने माफीची वाक्यं जुळवली, आधी मराठीत, मग जपानीत. तो बोलणार एवढ्यात तीच म्हणाली, "बफरचाच प्रश्न होता, बाबा. दोन पार्ट झाले होते लिहून." मग तिने इअरफोन लावले.

संध्याकाळी सुप्रभाला सगळं सांगून झालं होतं. ती सिंकपाशी उभी राहून एकच कप बराच वेळ विसळत होती. फोन स्पीकरवर होता.

"कसा गेला गं पेपर?" आजीने विचारलं.

"सोपा होता, आजी."

"अंगारा लावलावतास ना?"

कादंबरीने क्षणभर जगदीशकडे पाहिलं. "जवळच होता."

"मग झालं तर," आजी म्हणाली, आणि जगदीश वेळेवर जेवतो का, नोकरी कशी चाललीय, त्याचे साहेब काय म्हणतात, अशी चौकशी करून ओसाकाला थंडी फार असते का ते विचारू लागली. सगळ्यांनी सगळं बरं असल्याचं सांगितलं.

एपीचाच गणिताचा पेपर सोमवारी होता. तेवढ्याने ओसाकाचा प्रवेश होत नव्हता, पण नाव नोंदवलेलं होतं आणि तिने जायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी कादंबरी दारात थांबली, परत वळून टेबलापाशी आली आणि कॅल्क्युलेटरचं झाकण सरकवून दोन्ही भाग वडिलांपुढे धरले. विमानतळावर तपासणीला धरतात तसे.

जगदीशने वाकून पाहिलं. काही नव्हतं. फक्त झाकणाच्या खाचेत किंचित करडं राहिलं होतं. ते त्याने अंगठ्याने पुसून घेतलं. तिने झाकण लावलं, कॅल्क्युलेटर बॅगेत टाकला आणि गेली.

अंगठा कुठे पुसावा ते न सुचून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.