आत्याचे साठ किलो

बाबा गेल्यावर त्यांची कार्यशाळा आज संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची होती. लेकीने त्यांच्या पिकअपला ट्रेलर जोडला, लाकूड कातायचं यंत्र त्यावर पुढच्या बाजूला बोल्टांनी आवळलं, मागे त्यांचं कामाचं टेबल बांधलं आणि गाडी थेट वजनकाट्यावर आणली. शेजारच्या सीटवर आत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

काट्यावर आकडा उजळला: ३०४०.

गाडी, ट्रेलर, माल आणि माणसं मिळून तीन हजार, त्यावर एक किलो नाही, हा बाबांचा नेम. चाळीस किलोंनी काय आभाळ कोसळतंय, असं काटेवाल्याचं मत पडलं. गाडी ओढेल, याची लेकीलाही खात्री होती. पण घरापर्यंत सगळा उतार होता, आणि ब्रेक दाबल्यावर एवढं ओझं थांबेल का, हे कोण सांगणार? उतरवण्याजोगं होतं ते टेबलच. बाबांच्या कोपरांनी कड गुळगुळीत झालेलं. ते इथे टाकून जायला तिचा पाय निघेना.

आत्याने उपाय सुचवायचा सपाटा लावला. थोडं डिझेल काढून ठेवावं. जादाचं चाक कशाला हवं? समोर बसथांबा होता, तिकडे मात्र तिने चुकूनही पाहिलं नाही. ती उतरली की आकडा बदलणार, आणि गेली वीस वर्षं आत्याचं वजन साठ किलो होतं.

ऊन डोळ्यांवर आलं म्हणून लेकीने काचेवरची झडप खाली ओढली. आत बाबांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला: 'मी ८५. ताई ६०.' आणि खाली अगदी बारीक: 'ताईसाठी राखून १५.'

तिने तो काढून आत्याला दिला. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचला.

"लबाड. म्हणजे इतकी वर्षं ठाऊक होतं मेल्याला..."

आत्या अडखळली. मग हसू कुणाला आधी फुटलं, ते कळलंच नाही.

आत्या डोळे पुसत खाली उतरली. २९६५. काटेवाल्याने शहाण्यासारखी मान फिरवली.

"बांधून ठेव ते टेबल नीट," आत्या बसथांब्याकडे निघताना म्हणाली. "आणि पंचाहत्तर म्हणजे पिशवीसकट हं."

लेकीने गंभीरपणे मान डोलावली. पिशवी सीटवरच होती.