किती जणींची खोली हवी?

बॉबिनच्या घरात एकटं बसायला एकच जागा होती, बाबांच्या शिलाईच्या दुकानातली ट्रायल रूम. रूम कसली, तीन फूट बाय तीन फुटांचा कोपरा तो. एका बाजूला आरसा, एका बाजूला खुंट्या, पुढे पडदा. गिऱ्हाईक नसलं की बॉबिन तिथे स्टुलावर पाय वर घेऊन अभ्यासाला बसायची आणि कुणी कपडे घालून बघायला आलं की वह्या छातीशी धरून मुकाट्याने बाहेर यायची. शाळेची शेवटची परीक्षा तिने अशीच दिली. मार्क असे घसघशीत पडले, की बाबांनी मशीन थांबवून समोरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

बॉबिन हे काही तिचं खरं नाव नव्हे. रांगायच्या वयात ती मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गोलमटोल होती आणि सारखी मशीनखाली घरंगळत जायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. एकीत आई-बाबा. दुसरीत बॉबिन आणि आत्या.

आता आत्याबद्दल सांगायलाच हवं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. काजं-बटणं, हेम, शेवटची इस्त्री हे सगळं तिच्याकडे, आणि बोलणंही सगळं तिच्याकडेच. दिवसभर तर बोलायचीच, पण बाई झोपेतसुद्धा गिऱ्हाइकांना झापायची. "बुधवारी या म्हटलं होतं ना? आज कुठला वार आहे?" असं पलीकडच्या पलंगावरून खडसावून आलं की बॉबिन दचकून उठायची आणि मग तासभर छताकडे बघत पडायची. तरी आत्यावर तिचा जीव होता. लहानपणी तापात रात्रंदिवस उशाशी बसली ती आत्याच, शाळेच्या नाटकात बॉबिन एकच वाक्य विसरली तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्याही तिनेच. अशा माणसाला "मला तुझ्याबरोबर झोपायचं नाही" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण मनात तेच होतं. कॉलेज लांबच्या शहरात, वसतिगृह कॉलेजच्याच आवारात. बॉबिनला हवी होती एकटीची खोली. दार लावलं की लागलं, दिवा विझवला की विझला, कुणाला विचारायला नको. बाकी काही नसलं तरी चालेल, एवढं मात्र मिळायलाच हवं, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं. ठरवलं होतं आणि कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं.

वसतिगृहाचा अर्ज आला तो दुपारचा. लिफाफा फुटायच्या आत अख्खं घर कापडं बेतायच्या टेबलाभोवती गोळा. आत्याने चष्मा लावला, आईने चहा ठेवला, बाबांनी कात्री बाजूला सारली आणि बॉबिनच्या हातात पेन दिलं. जणू काही खरेदीखतावर सही करायची होती.

अर्जात प्रश्न होते आणि उत्तरं शून्य ते दहाच्या आकड्यांत द्यायची होती. खाली लिहिलं होतं, तुमच्या उत्तरांवरून खोली आणि सोबतिणी ठरतील.

"आवाज किती चालतो?" आत्याने मोठ्याने वाचलं.

"तीन," बॉबिन म्हणाली.

"पाच लिही," बाबा म्हणाले.

"का पण?"

"अगं, बेतून लिहितात का कधी? माया नको ठेवायला?"

झालं! इथेच घोडं अडलं. बाबांच्या हाताखालून आजवर एक सदरा गेला नव्हता, ज्याच्या शिवणीत आतून दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, दुमडलेलं नव्हतं. शाळेच्या गणवेशाला तर चार बोटं. मुलं वाढतात, माणसं सुटतात, लग्न झालेली तर फारच सुटतात, असं त्यांचं पक्कं मत. "जास्तीचं असलं तर आत घेता येतं," ते म्हणायचे, "नसलेलं कापड सोडायचं कुठून?" तीस वर्षं ज्याने असं काम केलं, तो माणूस अर्जात बरोबर मापाचा आकडा कसा लिहू देईल? अंगातच नव्हतं ते!

मग काय विचारता. माणसांत मिसळायला किती आवडतं? बॉबिन म्हणाली चार, लिहिले गेले नऊ. पाहुण्यांची ये-जा किती चालते? दोनाचे पाच झाले. कार्यक्रमांत पुढे व्हायची हौस किती? बॉबिनने चक्क शून्य सांगितलं. "शून्य कसं दिसतं ते!" म्हणून आईने तीन करायला लावले आणि वर बाबांनी आणखी दोन सोडले. बॉबिनने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटचा प्रश्न तेवढा तिने आधीच वाचून ठेवला होता.

"किती जणींची खोली हवी?"

पेन कागदावर टेकलं. एक. एवढंच लिहायचं होतं, एक उभी रेघ. पण शेजारी आत्या बसली होती, तिच्या खांद्याला खांदा लावून, चष्म्यातून कागदाकडे बघत. बॉबिनचा धीर गळाला.

"दोघींची," ती म्हणाली.

"हां," आत्या म्हणाली, "सोबत हवीच. एकटीने पोरीचं कसं व्हायचं."

"दोन काय," बाबा म्हणाले, "चार लिही. नंतर कमी करता येतील."

आणि बॉबिनने चार लिहिले. बाबांवर खापर फोडायला ती नंतर मोकळी होती, पण खरं सांगायचं तर या प्रश्नातला पहिला खोटा आकडा तिचा होता, आणि हे तिलाही कळत होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते वाचून बॉबिनच्या तोंडचं पाणीच पळालं. सहा जणींचं दालन. तळमजला. एका भिंतीला जेवणघर, दुसऱ्या भिंतीला टेबल-टेनिस. "आपल्या उत्साही उत्तरांबद्दल अभिनंदन," असं पत्रात होतं, "स्वागत समितीतही आपलं नाव घेतलं आहे." म्हणजे नव्या मुलींना स्टेजवर गाणी म्हणायला लावायची ती समिती. बॉबिन, जिला एक वाक्य धड आठवलं नव्हतं!

"बघ, कसं कौतुक केलंय!" बाबा खुशीत म्हणाले.

बॉबिन ट्रायल रूममध्ये गेली, पडदा ओढला आणि ढसाढसा रडली. पाच मिनिटांत एका गृहस्थांना पँट घालून बघायची होती म्हणून तिला तिथूनही उठावं लागलं.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. खोली बदलायची असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पालकांसह कचेरीत यावे. बॉबिन घरच्यांना एवढंच म्हणाली, की सहा जणी जरा जास्त होतात. ते बाबांना पटलं. "मग आत घेऊ," ते म्हणाले, "त्यासाठीच तर माया ठेवली." आत्या म्हणाली, मीही येणार, तुम्हा दोघांना बोलता येत नाही.

वसतिगृहाची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर किल्ल्यांचा फळा, टेबलावर फाइलींचे ढीग आणि त्यामागे एक जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई. बस उशिरा पोचली होती, घड्याळात पावणेबारा झाले होते. बाईंनी अर्ज काढला, वाचला, मग मान वर करून बॉबिनकडे बघितलं. बॉबिन बाबांच्या मागे लपल्यासारखी उभी होती.

"ही तीच मुलगी? यंदाच्या अर्जांत इतकी माणसांची आवड कुणी लिहिली नाही हो. आम्ही वाटच बघत होतो हिची."

बाबांनी मग सगळं समजावून सांगितलं. गळ्यात मापाची टेप तशीच होती, घरून निघताना काढायची राहिली होती, तिचंच टोक धरून त्यांनी शिवण, दुमड, दोन बोटं, चार बोटं सगळं दाखवलं. बाईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना असं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, हे कपडे नाहीत," त्या म्हणाल्या. "बरं, आता माया काढून टाका. मुली, तू इकडे ये आणि खरी मापं सांग. तूच सांगायची. आवाज?"

"तीन."

"माणसांत मिसळणं?"

"चार. कधी कधी तीन."

"समिती?"

"शून्य! शून्य म्हणजे शून्य."

"आणि किती जणींची खोली?"

आत्या शेजारच्याच खुर्चीवर होती. पर्स मांडीवर, पाठ ताठ, बोलायची संधी शोधत. घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती. बॉबिनला वाटलं, दोघींची म्हणावं, दोघींत काय वाईट आहे, मिळेल एखादी गप्प बसणारी. आणि मग तिलाच तिचा असा राग आला, की तो रागच तोंडून बाहेर पडला.

"एक."

"एक म्हणजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे मी एकटी." बॉबिनला आता थांबणं शक्य नव्हतं. "आत्या, मला एकटीची खोली हवी. खूप वर्षांपासून हवी. तू रागावू नकोस. मला तू आवडतेस, पण मला दार लावून बसायचंय. मला रात्री जाग आली की आपली आपण दिवा लावून वाचायचंय. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

बाबांनी टेपचं टोक सोडलं. आत्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता, असं बाबांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"किती वर्षांपासून?" शेवटी आत्या म्हणाली.

"नऊ-दहा वर्षांची होते तेव्हापासून."

"आणि हे तू आज सांगतेस? शहाणे! तू चार वर्षांची असताना अंधाराला घाबरायचीस. तुझी आई म्हणाली, पोरीला एकटं झोपवू नका. म्हणून मी माझा पलंग तुझ्या खोलीत आणला. मला काय हौस होती? मला रेडिओ लावून झोपायला लागतं! चौदा वर्षं मी रेडिओ लावला नाही, तुझी झोप मोडेल म्हणून!"

"पण मी घाबरत नाही आता!"

"मग सांगायचंस ना!"

"तू तरी कुठे सांगितलंस!"

आधी आत्याची पर्स हलायला लागली, मग खांदे, आणि मग दोघी अशा खदखदून हसल्या, की दाराबाहेर ताटकळलेल्या एका बापाने आत डोकावून बघितलं. हसता हसता आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि बाईंकडे वळून फर्मावलं, "लिहा. एक. ठसठशीत लिहा."

बाईंनी लिहिलं. एकटीची एकच खोली उरली होती, तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. छत एका बाजूने इतकं उतरतं, की उंच मुलींनी ती नाकारली होती. बॉबिन काही उंच नव्हती. बाबांनी धावत वर जाऊन टेपने मापं घेतली, लांबी-रुंदी दोनदा वाचली आणि समाधानाने मान डोलावली. बारा वाजायला एक मिनिट असताना त्यांनी कागदावर सही केली.

महिन्याभराने बॉबिन तिथे राहायला गेली. सामान लावलं, चादर घातली, बाबांना बसमध्ये बसवून आली. वर येऊन तिने दार लावलं. लागलं. उतरत्या छताखाली पलंगावर पाय पसरून ती बसली आणि तिला इतका आनंद झाला की एकटीच हसत सुटली. मग संध्याकाळचं ऊन भिंतीवरून सरकत खिडकीपाशी गेलं आणि फोन वाजला.

"काय गं, कशी आहे खोली?" आत्या.

"छान आहे. एकदम शांत. तुझी?"

"माझी पण. रेडिओ लावलाय. पाय पसरून पडलेय मस्त."

"लोळ मग आरामात."

"हो. तूही वाच तुझं. ठेव फोन."

"तू ठेव."

"ठेवते," आत्या म्हणाली. रेडिओवर कुणीतरी काहीतरी वाजवत होतं, इकडे बॉबिनने पुस्तक उघडलं. पाऊण तास झाला तरी दोघींपैकी एकीनेही फोन ठेवला नव्हता.