डब्यातलं पीठ

"हत्यार बदललं म्हनून सगळा माल विटाळला काय? हे सोवळं तू घरी ठेव," राजपाल त्रिशलाला म्हणाला आणि टेबलाभोवतीची मंडळी त्याच्या तोंडाकडे बघून हसली.

हसायलासुद्धा यांना मालकाची परवानगी लागते, असं त्रिशलाच्या मनात आलं.

कारंज्याच्या बाजारात, कापडदुकानाच्या वर राजपालची कंपनी होती; त्रिशला तिथेच कामाला होती. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधली यंत्रं चालू-बंद करणाऱ्या पेट्यांचे प्रोग्रॅम तिथे बनत. हे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्येच खोट निघाली होती. तिच्यापायी बंद केलेलं यंत्र एखाद्या वेळी आपोआप सुरू होऊ शकत होतं. राजपालने नवा कंपायलर आणला आणि हात झटकले. पण पॅकेज मॅनेजर, म्हणजे तयार प्रोग्रॅम पेट्यांमध्ये पोचवणारी व्यवस्था, प्रोग्रॅमचा मजकूर बदलला तरच तो कंपायलरकडून नव्याने बांधून घ्यायची. कशाने बांधला, हे ती बघतच नव्हती. पेट्यांमध्ये जुनेच, खोट असलेले प्रोग्रॅम बसलेले होते. हत्यार बदललं की त्याने घडवलेलं सगळं आपोआप पुन्हा बांधलं जावं, एवढंच त्रिशलाचं म्हणणं होतं. चक्कीचा खडे सोडणारा दगड बदलला, तरी डब्यातलं आधीचं पीठ कचकचतंच, असं तिने समजावलं.

राजपालने तिला चक्कीच टाकायचा सल्ला दिला. त्याला कळत नव्हतं असं नाही. ऐन हंगामात सगळ्या पेट्या पुन्हा तपासायच्या, तेही एका पोरीच्या सांगण्यावरून, हे त्याला सोसत नव्हतं. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं काळीज, त्रिशलाला त्याची किळस आली.

महिन्याभरात एका जिनिंगमध्ये मजुरी करणाऱ्या गंगूचा हात यंत्रात सापडला. अडकलेला कापूस काढताना बंद यंत्र फिरलं आणि उजव्या हाताची बोटं तुटली. राजपालने बाईचा निष्काळजीपणा म्हणून सगळीकडे सांगितलं. त्रिशलाची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी गुपचूप बसवून घेतली आणि बैठकीत स्वतःची म्हणून मिरवली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

त्रिशला तिथून उठली ती थेट दवाखान्यात गेली. गंगू खाटेवर बसली होती. शेजारी तिचा नवरा देवमन ताटात वरण-भात कालवत होता. त्रिशलाने आपण कोण ते सांगितलं.

गंगू म्हणाली, "मशीन बंद करूनच हात घातला होता वं मी. कोनी आयकूनच नाई राह्यलं."

"बंदच होती, काकू. आपोआप सुरू झाली. खोट आमच्या पेटीत होती, अन् मालकाले ते माहीत होतं. अपघाताच्या तपासाले सरकारी साहेब येतील, तवा मी हेच सांगीन."

"तुही नोकरी जाईन," गंगू म्हणाली.

"जाऊ द्या."

देवमनने घास गंगूच्या तोंडाशी नेला. तिने मान बाजूला केली, ताट मांडीवर ओढून घेतलं आणि डाव्या हाताने, सांडत-लवंडत, एकेक घास स्वतःच खाऊ लागली.