कंपनीचा मार्का

"मेस्त्री, इथे मार्का होता. कुठे गेला?"

कश्मिराबाईंनी सागवानी पेटीच्या झाकणावर बोट टेकवलं तेव्हा शंभू पांचाळ शेजारीच उभा होता, आणि त्याला वाटलं, बाई आता शाबासकी देणार. झाकण झालंच होतं तसं. माशी बसली तर घसरावी इतकं गुळगुळीत.

"घासला ना," तो म्हणाला. "जुना होता. आता नवा मारायचा."

कश्मिराबाई मटकन खाली बसल्या, त्या भुशातच. इस्त्रीच्या पँटचंही त्यांना काही वाटलं नाही.

आता शंभूची बाजू ऐका. आखातातल्या मीना सलमान बंदरातल्या त्या शेडमध्ये तो एकतीस वर्षं लाकडी खोकी बांधत आला होता. परदेशी जाणाऱ्या खोक्यावर काळ्या रंगात मालकाची खूण आणि बंदराचं नाव रंगवायचं, त्याला मार्का म्हणतात. आणि या धंद्यात हाताला पहिली सवय लावतात ती ही, की जुनं खोकं परत वापरायचं तर आधी जुना मार्का काढायचा. मोम्बासाच्या मालावर कराचीचा मार्का राहिला तर खोकं उतरतं कराचीला, आणि मग बसा बोंबलत. त्यामुळे जुनी फळी दिसली की शंभूचा हात आपसूक रंध्याकडे जाई. मंगळवारी ही पेटी आली तेव्हा मॅनेजरसाहेब सुट्टीवर. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच, 'जुनी पेटी, एक नग, तयार ठेवा.' शंभूने ठेवली तयार. पाण्याचा घोटही न घेता ठेवली.

कश्मिराबाई मूळच्या दादरच्या पारशी कॉलनीतल्या. मनामा शहरात एक प्रदर्शन भरायचं होतं, पोर्तुगीज, डच, इंग्रज अशा व्यापारी कंपन्या या समुद्रात कशा शिरल्या त्याचं, आणि त्याची मांडणी त्यांच्याकडे होती. इथे महिनाभर, मग मस्कतला. पेटी इथल्याच मुहर्रकच्या रुकय्याबाई नावाच्या म्हातारीच्या घरातली. चार पिढ्या त्यात गोधड्या ठेवत होते.

बाईंनी फोनमधला फोटो दाखवला. एक बदाम, त्याचे चार भाग, भागांत अक्षरं, वर इंग्रजी चारचा आकडा.

"ईस्ट इंडिया कंपनीची खूण," त्या म्हणाल्या. "आधी ही खोकी आली, मेस्त्री. खोकी ठेवायला वखार. वखारीवर पहारा. पहाऱ्याला तोफा. आणि तोफा आल्यावर मुलूख काय, हातचाच. या बेटाचे कागदसुद्धा एकेकाळी मुंबईच्या सरकारकडे जायचे. लोकांना मी हे सगळं दाखवणार होते एका बदामावरून. दुसरी पेटी नाही माझ्याकडे."

शंभूला बाकीचं अर्धंमुर्धं कळलं, वखार मात्र पुरती कळली. तो राजापूरचा. इंग्रजांची वखार महाराजांनी खणून काढली, हे राजापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण लुटणं वेगळं आणि आपल्या हाताने चांगल्या कामाचा सत्यानाश करणं वेगळं.

जयप्रकाश, म्हणजे शेडचे मॅनेजर, आले, त्यांनी झाकण पाहिलं, फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"महाराजांनी वखार खणली, ती कमी पडली होय मेस्त्री तुमच्या राजापूरला?"

कुणी हसलं नाही. जयप्रकाशांचं डोकं मात्र तोवर पुढे पळालं होतं. "हे बघा, फोटो आहे, रंग आहे. तुमच्यासारखा हात अख्ख्या बंदरात नाही. तोच मार्का परत मारा. वरून चहाचं पाणी लावून जरा मळवा. चारला गाडी येईल, पेटी चढली की खलास."

कश्मिराबाई 'हो' म्हणाल्या नाहीत. 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. त्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांनाही नोकरी होतीच की.

"आणि हो," जाता जाता जयप्रकाश म्हणाले, "तुमचा फॉर्म टेबलावरच आहे. संध्याकाळी सही करतो."

माणूस पुण्याचा. धमकी देत नसे, आठवण करून देत असे.

फॉर्म व्हिसाचा होता. शंभूला साठ पूर्ण झाली होती. कंपनीने शिफारस केली तर आणखी दोन वर्षं, नाही तर येत्या अठ्ठावीसला विमान. त्याची एकुलती एक मृणाली इथेच मनामात, एका लॅबमध्ये कामाला, आणि तिला आठवा सरत आलेला. बायको काशीबाई तीन वर्षांपूर्वी गेली. बाळंतपणाला माहेरचं म्हणून कोण, तर हा एकटा बाप. राजापूरच्या घराला कुलूप होतं. पुढच्या महिन्यातली अकरा तारीख डॉक्टरांनी दिलेली, आणि त्या दिवशी आपण दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असू, एवढी एकच गोष्ट त्याने गेले सहा महिने मनात धरली होती.

त्याने रंग कालवला. घट्ट वाटला म्हणून टर्पेंटाइन घातलं. मग पातळ वाटला. ब्रश धुतला, पुन्हा धुतला. पाणी प्यायला गेला आणि न पिताच परतला. पेटीभोवती दोन चकरा मारल्या, दारात जाऊन क्रेन बघितली, कुठेच बूड टेकेना. शेवटी मृणालीला फोन लावला.

"बाबा, झाली का सही?"

"होतेय गो. जेवलीस?"

"काय झालंय? आवाज असा का?"

"काय नाय. भुसा गेलाय घशात."

दोन वाजता तो बसला. खडूने झाकणावर बदाम काढला, एका दमात, फोटोतल्यासारखा हुबेहूब. जयप्रकाशांनी मागून वाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. शंभूने ब्रश रंगात बुडवला, उचलला, खडूच्या रेघेवर धरला. रेघ ओढवेना.

मग त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला.

"हे माझ्याच्यान व्हायचं नाय साहेब."

"अहो, चार रेघा आहेत."

"मार्का म्हंजे मालकाची सही. एकतीस वर्षांत एकाच्या खोक्यावर दुसऱ्याची सही नाय मारली मी."

"ती कंपनी मरून दीडशे वर्षं झाली, मेस्त्री. विचारायला कोण येणार?"

"मंग तर नायच. मेलेल्याची सही कशी करू?" तो कश्मिराबाईंकडे वळला. "ती कंपनी चोर होती का साव, ते तुमाला ठाव, म्याडम. सही तिची होती. मी घासली. तसंच लिवा तिथं."

बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या, "नाव लिहू तुमचं?"

"लिवा. दुसऱ्या कुणावर नको जायला."

चारला पेटी तशीच गेली. रुकय्याबाईंना बाईंनी फोन करून सगळं सांगितलं, तर म्हातारीने बिजागऱ्या शाबूत आहेत ना, एवढंच विचारलं. पेटीचा विमा उतरवलेली कंपनी मात्र तिच्यासारखी नव्हती. तिचं पत्र आलं, वरून विचारणा झाली आणि फॉर्म टेबलावरून खणात गेला. "माझे हात बांधलेत हो," जयप्रकाश म्हणाले. त्या दिवशी ते खरंच खालमानेने बोलले.

मृणाली चिडली. रडली आणि आणखी चिडली. "कंपनीची सही सांभाळलीत, बाबा. माझा विचार नाही आला?"

"तुझाच येत होता," शंभू म्हणाला. "म्हणून तर रंग कालवला."

त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, "प्रदर्शन उघडलंय. शुक्रवारी जाऊ. मी येते घ्यायला."

शुक्रवार म्हणजे पंचवीस, विमानाच्या तीन दिवस आधी. दालनात गारवा, गुळगुळीत फरशी, भिंतीवर जहाजांची चित्रं, काचेत तराजू आणि वजनं. मधोमध, एका चौथऱ्यावर, पेटी. झाकण उभं करून ठेवलेलं, आणि जिथे रंधा फिरला होता तिथे लाकूड उजळ, वीतभर रुंद. त्यावर दिवा सोडलेला. शेजारी फोटो आणि इंग्रजी कार्ड. लोक थांबत होते, वाचत होते, पुन्हा वर बघत होते.

मृणालीने एका हाताने कंबर धरली आणि कार्ड मराठीत वाचून दाखवलं. "या जागी ईस्ट इंडिया कंपनीचा मार्का होता. जुन्या खोक्यावरचा मार्का काढायचा, या बंदरातल्या रीतीप्रमाणे तो मीना सलमान इथे काढला गेला. काढणारे, शंभू पांचाळ, सुतार, राजापूर." ती थांबली. "परत मारायला त्यांनी नकार दिला, असंही लिहिलंय."

शंभू कार्डाकडे बघतच नव्हता. उजळ पट्ट्याच्या डाव्या कोपऱ्यात त्याला लाकडाची एक कूस वर आलेली दिसली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. एवढ्या लोकांपुढे ती तशीच राहिली होती. तो पुढे झाला आणि अंगठ्याने ती दाबायला त्याने हात लांबवला.

"टच मफी, बाबा," कोपऱ्यातला पहारेकरी हळूच म्हणाला. "हात नहीं लगाने का."

"सॉरी, भाई," शंभू म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन तिथेच उभा राहिला.