काही होत नव्हतं ती वर्षं

मी एक जुनी झडप आहे. पुस्तकं बांधणाऱ्या एका बाईच्या हृदयात, डावीकडच्या दोन कप्प्यांच्या मधोमध मी राहते. मित्रांनो, मी चिडलेली आहे.

उघडायचं, रक्त पुढे सोडायचं, मिटायचं, हे माझं काम. दिवसातून लाखभर वेळा. ती नऊ वर्षांची असताना तिचा घसा सुजला, मग ताप आला, गुडघे ठणकू लागले. "वाढीचं दुखणं," म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण घशातून सुरू झालेल्या त्या तापाने सांध्यांबरोबर मलाही गाठलं; माझ्या पाकळ्या कडेने चिकटत गेल्या. तिशीत तिला कागदांचा गठ्ठा घेऊन जिना चढवेना.

तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी माझ्यापर्यंत आणली, टोकाचा फुगा फुगवला आणि माझ्या पाकळ्या सुट्या केल्या. छाती चिरावी लागली नाही. जाताना त्यांनी बजावलं, "झडप उघडलीय, नवी बसवलेली नाही. काही होत नसलं तरी दरवर्षी दाखवायचं."

पाच वर्षं ती तपासणीला गेली. मग नणंद म्हणाली, "वहिनी, तू मला पाठीवर घेऊन जिना चढशील. तिकडे काय हजेरी लावायला जातेस?" सगळे हसले. नवरा म्हणाला, "काही झालं तर जाऊच की."

तिचं जाणं थांबलं. इथेच घात झाला. मी दरवर्षी केसभर आखडत होते, तीही तेवढीच मंदावत होती. गठ्ठे लहान झाले. चप्पल नीट करायच्या निमित्ताने ती मधल्या पायरीवर थांबू लागली. "वय झालं," म्हणायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी!

पाय सुजले तेव्हा कुठे सगळे दवाखान्यात आले.

"पुन्हा फुगा घालता येईल ना?" नवऱ्याने विचारलं.

"काही वर्षांपूर्वी आला असता. आता झडप कडक झालीय, गळतेयही. छाती उघडून बदलावी लागेल."

बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि विचारलं असतं तरी मी 'बरंय' म्हटलं असतं."

मंगळवारी मला काढतील. फुग्याने मला अठरा वर्षं दिली. त्यातली तेरा वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, याचा मला संताप आहे.

मित्रांनो, घसा दुखला, ताप आला तर घरी सांगा. सांधे ठणकले तर पुन्हा सांगा, ऐकेपर्यंत सांगा. आणि घरात कुणाची झडप अशी उघडली असेल, तर वर्षातून एकदा त्यांना डॉक्टरांकडे न्या. ते म्हणतील, मला काही होत नाही. तेव्हाच न्या.