मशीन म्हणजे तान्हं बाळ नव्हे

"मशीन म्हणजे काही तान्हं बाळ नव्हे, ताबेया. बाहेर थंडीतच राहू दे तिला," असं झिपोरामावशी पहिला बर्फ पडला तेव्हाच म्हणाली होती. ताबेयाने हसून मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी ती मशीन, बर्फावर पळणारी स्नोमोबील, ढकलत शेडमध्ये घेतली, थेट शेगडीजवळ. नवरा अमोस खाणीवर, पाळीप्रमाणे काही आठवडे तिकडे, काही घरी. घरात दात येणारा जस्टस. पोर तापाने फणफणलं आणि मशीन सुरूच झाली नाही तर? सेंट जॉन्स शहरात जाऊन कॉलेज केलेल्या ताबेयाला आपला हा हिशोब बिनचूक वाटला होता. मग अख्खा हिवाळा मशीन रात्री ऊब खात झोपली आणि दिवसा गारठ्यात पळली.

झिपोरामावशी जस्टसची सुईण. नाळ तिने कापली, म्हणून जस्टस मोठा होऊन जी पहिली शिकार करेल ती तिच्याच दारात जायची. कॅनडातल्या लाब्राडोरच्या या किनाऱ्यावरची ती रीतच. "माझे दात आहेत तोवर आण रे बाबा," असं मावशी त्या रांगत्या पोराला बजावायची.

मार्चमध्ये ती नेहमीसारखी खाडीच्या आतल्या अंगाला आपल्या केबिनवर गेली, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. एकटीच. केबिनवर गेलेला प्रत्येक जण रात्रीचं जेवण झालं की दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर येऊन खुशाली सांगतो. मावशी सगळ्यांच्या शेवटी यायची आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "जस्टसला पापा द्या, आणि मशीन बाहेर काढा!" परवा तिचा आवाज आला नाही. काल ताबेया जस्टसला मांडीवर घेऊन रेडिओवरची सगळ्यांची बोलणी संपेपर्यंत बसली. कालही नाही.

"बॅटरी उतरली असेल गं वहिनी," सकाळी नणंद सेल्मा म्हणाली. "तिची दर वर्षी उतरते. तुला काय, पोर शिंकलं तरी न्यूमोनिया दिसतो."

"दिसू दे. तू याला धर. मी जाऊन बघून येते."

"गावातले पुरुष उद्या येतायत की समुद्रावरच्या बर्फाच्या काठावरून, सीलची शिकार घेऊन. ते जातील."

"उद्या म्हणजे उद्या. आज काय?"

सेल्माने जस्टसला कडेवर घेतलं. ताबेया निघाली, पण गावाबाहेरच्या चढावर मशीनच्या बाजूने खर्रर्र आवाज आला, मग ठक्, आणि मशीनने हिसका खाल्ला. आवाज साखळीच्या डब्यातून होता. इंजिनाचा जोर खालच्या पट्ट्याला पोचवणारी साखळी त्या बंद डब्यात तेलात फिरते. ताबेया हळूहळू परत आली, शेडमध्ये शिरली आणि डब्यातली तेल मापायची कांडी उपसून पाहिली. मधासारखं असायला हवं ते तेल चक्क दुधाच्या चहासारखं झालं होतं.

तिला एकदम सगळं उमगलं. रोज रात्री ऊब, रोज दिवसा गारठा. चष्म्यावर येतो तसा डब्याला आतून घाम आला, थेंब थेंब साचत तेलात उतरला. बाहेर पडलं की त्याचाच बर्फ, आणि बर्फावर साखळी चाकाचे दात सोडून उडते.

"दुपटं पांघरायचं राहिलं बघ तिला," सेल्मा दारातून म्हणाली. मग ताबेयाचा चेहरा पाहून आवाज उतरवून, "आता गं? तशीच जातेस का हळूहळू?"

"पलीकडच्या उतारावर साखळी तुटली तर? या मशीनचा ब्रेक साखळीच्या अलीकडे आहे. साखळी गेली की ब्रेकही गेला. मग मला शोधायला कोण येणार? हा जस्टस?"

तिने बाह्या वर केल्या. आज शेडची ऊब खरंच कामाला आली. डब्यातला बर्फ वितळू लागला होता. आड येणारा धुराचा नळ तिने स्प्रिंगा काढून बाजूला केला. झाकणाचे नट सुटले, पण तळातला एक काही केल्या हलेना. पाना निसटला, बोटाची सालं निघाली. तिने बोट तोंडात धरलं, त्या नटाला दोन शिव्या दिल्या आणि पाना पुन्हा लावला. खाली पाव भाजायचा जुना ट्रे सरकवला. झाकण कडेने अलगद उचकटलं तसं ते गढूळ तेल भसकन ओघळलं. झाकणाच्या कडेचं रबर तुटलं असतं तर सगळंच मुसळ केरात. ते तिने जस्टसच्या जुन्या लंगोटाने हळुवार पुसलं. त्याच लंगोटाने आतला कोपरान् कोपरा कोरडा केला, साखळीचा एकेक दुवा चाचपला. झिजलेली होती, तुटलेली नव्हती. ताण बोटाने बसवला, झाकण लावलं, नवं तेल कांडीच्या खुणेपर्यंत ओतलं. शेडबाहेर एक फेरी मारली. खर्रर्र नाही, ठक् नाही.

"जा," सेल्मा म्हणाली. "जस्टस जेवेल माझ्याकडे. रडलाच तर तुझ्यावर गेलाय म्हणेन."

मावशीच्या केबिनच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. ताबेयाने दार ढकललं. मावशी बिछान्यावर होती, अंगावर घरातली सगळी पांघरुणं, एक पाय सुजून लाकडाच्या ओंडक्यासारखा. परवा पाणी आणताना ती घसरली होती, सरपटत आत आली होती. लाकडं बाहेर, रेडिओ वर फळीवर. दोन्ही हाताबाहेर.

"कोण? ताबेया?" ओठ निळे पडले होते, पण जिभेला गारठा शिवला नव्हता. "मशीन धड चालली का?"

"तेल बदलून आलेय. पाण्याने भरलेलं होतं."

"मग आता?"

"बाहेरच ठेवीन, मावशी. आधी चूल पेटवू दे."

मावशीला ऊब आल्यावर ताबेयाने तिच्या पायाला फळ्या बांधल्या आणि तिला मशीनवर मागे बसवून गावच्या दवाखान्यात आणलं. त्या संध्याकाळी रेडिओवर मावशीच्या पाळीला ताबेया बोलली. मावशी दवाखान्यात आहे, पाय मोडलाय, बाकी ठणठणीत, तिने सांगितलं. मग साऱ्या किनाऱ्याला तिने जे बजावलं, तेच तिचं सांगणं हे वाचणाऱ्या तुम्हालाही आहे: तुमच्या ओळखीत एकटं राहणारं कुणी असेल, ज्याचा आवाज रोज येतो आणि काल आला नाही, तर बॅटरी उतरली असेल असं म्हणू नका. उठा, आणि आजच जाऊन बघून या.