भात खाल्ला म्हणजे झालं

पुसेगावच्या जळबाच्या भावकीत एक रीत आहे. पोरगी पाहायला आलेले पाहुणे चहा-पोह्यांवर उठले, तर घोडं काही गंगेत न्हालं नाही असं समजायचं. पण तेच पाहुणे ताटावर बसले, भात खाल्ला, तर सोयरीक पक्की. तोंडानं कुणी हो म्हणायची गरजच नाही.

जळबाच्या संध्याला पाहायला आलेले सगळेच आतापर्यंत पोह्यांवर उठले होते. तिच्या आईच्या, जनकाबाईच्या, हाताची तारीफ करायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि गाडीला किक मारायचे. शेवटी संध्याच वैतागली. हिंगोलीत एका दवाखान्यात ती नर्स होती.

"बाबा, आता घरी कुणाला बोलवू नका," ती म्हणाली. "आई पोहे करू करू थकली. ज्याला पाहायचं त्यानं चंदाबाईच्या हाटेलात यावं."

"चायनीजमधी? सोयरीक?"

"काहून? तिथं माणसं बसत न्हाईत का?"

चंदाबाईचं हॉटेल म्हणजे बसस्टँडच्या मागं पत्र्याखाली मांडलेली थोडी टेबलं. पाटीवर 'घरगुती चायनीज' लिहिलेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाई भात घरून शिजवून आणायची, लसूण-मिरची घरच्या खलबत्त्यात कुटायची, नूडल्सबरोबर न मागता कांदा-लिंबू द्यायची. मंचुरियन म्हणजे कोबीचे वडे, झणझणीत रश्शात बुडवलेले. चीनच्या माणसाला ते ओळखू आलं नसतं, पण हिंगोलीच्या माणसाचं पोट स्वस्तात भरायचं.

जळबाला घोर लागला तो वेगळाच. नूडल्स हे जेवण धरायचं की नाश्ता? निघताना त्यानं जनकाबाईला विचारलं. शेळी व्यायला झाली होती म्हणून ती घरीच राहणार होती.

"शेवयाच त्या," तिनं निकाल दिला. "शेवया म्हंजे काय जेवण न्हाई. तुमी भातावर ध्यान ठेवा. मी फोन करते."

पाहुणे वाशीमकडचे, कनेरगाव नाक्याच्या पल्याडचे. मुलगा रविंद्र, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, आणि त्याचे आईवडील, पद्माबाई नि मुंजाजी. जयभीम झाला, पाणी झालं. संध्यानं सगळ्यांसाठी नूडल्स आणि मंचुरियन सांगितलं. पाहुण्यांची ताटं भरली. जळबानं स्वतःचं ताट मोकळंच ठेवलं. पाहुणे जेवल्याबिगर पोरीच्या बापानं घास घ्यायचा नसतो, आणि तसंही त्याचा जीव कुठं थाऱ्यावर होता.

मुंजाजीनं नूडल्स संपवल्या. जळबानं त्या जेवणात धरल्या नाहीत. शेवयाच त्या.

मग मुंजाजीनं मान वळवून विचारलं, "बाई, भात हाय का वं?"

जळबा सरसावून बसला. चंदाबाईनं फ्राइड राइसची वाफाळती थाळी आणून ठेवली. मुंजाजीनं वाढून घेतला, बायकोला वाढला, पोराला वाढला, वर मंचुरियनचा रस्सा ओतला आणि चांगला कालवून खायला लागला. संपल्यावर अजून मागवला. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपण ऐकून आहोत. जळबा भातावरून सोयरिकीची परीक्षा करत होता.

टेबलावर बोलणंही चाललेलं होतं. पद्माबाईनं विचारलं, "रातची ड्यूटी असती का?"

"असती," संध्या म्हणाली.

"लग्नानंतर?"

"तवाबी असंल."

"माझं दुकान बंद व्हायला उशीर होतो," रविंद्र खाली पाहत म्हणाला. "घरी कुणीतरी पाहिजे."

"मग तुमी लवकर बंद करत जा."

रविंद्र हसला. पद्माबाई हसली नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा भात वाढून घेतला. ज्याला कान होते त्याला तिथंच सगळं कळलं असतं. संध्याला कळलं. जळबाचे कान मात्र डोळ्यांत जाऊन बसले होते आणि डोळे मुंजाजीच्या ताटात. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर सासराच बाशिंग बांधून बसला होता.

मुंजाजीनं हात धुतले, तसा जळबा म्हणाला, "मंग पाव्हणं, तारीख कवाची धरायची?"

"कशाची तारीख?"

"आता काय सांगायचं. तुमी भात खाल्ला की."

"खाल्ला. लई झकास होता."

"म्हंजे पक्कं झालं. आमच्यात रीतच हाये."

मुंजाजी भोळा माणूस. त्याला खरंच नवल वाटलं. "असं व्हय? आमच्याकडं उलटं हाय बुवा. पसंत पडली तर माणूस च्यावरच उठते, गावात सांगाची घाई असते ना. न्हाई पडली तर पोटभर जेवून जायचं. समोरच्याचं मन मोडते, तवा अन्नाचा तरी मान..."

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. पद्माबाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. रविंद्रनं संध्याकडं एकदा पाहिलं आणि तो उठला. "कळवतो," मुंजाजी म्हणाला, आणि ते गेले.

जळबा बसून राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. समोर पाहुण्यांची ताटं होती, एक शीतसुद्धा न ठेवता खाल्लेली. पोरगी शेजारीच बसली होती.

फोन वाजला. जनकाबाई होती. तिनं बाकी काहीच विचारलं नाही.

"जेवले का?"

जळबानं त्या ताटांकडं पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "नुसत्या शेवया खाल्ल्या."

मग जनकाबाई म्हणाली, "असू द्या. तुमी दोघं तरी जेवून या."

संध्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं रिकामी ताटं एकात एक घालून बाजूला सारली आणि चंदाबाईला हाक मारली.

"मावशी, भात आणा. आमचे बाबा जेवायचे राहिलेत."